‘विध्वंसक’ कुठे लिहावे, ‘विनाशकारी’ कुठे, आणि ‘विनाशिका’ कोणती

गोव्यातल्या साखळीच्या एका वाचकाने गावच्या वार्षिक अंकासाठी जुलै २०२१च्या पुरावर लेख लिहिला. त्यात ‘विध्वंसक पाऊस’ असे शब्द होते. अंकाच्या मंडळातल्या एकाने ते खोडून ‘विनाशकारी’ केले, दुसऱ्याने ‘प्रलयंकारी’ सुचवले आणि तिसऱ्याने हरकत घेतली की ‘विध्वंसक’ म्हणजे तर युद्धनौका. आता वाचक विचारतात, या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि लेखात कोणता शब्द ठेवायचा?

अर्थ सोपा आहे: विध्वंस करतो तो विध्वंसक. पण त्याने तुमची अडचण सुटत नाही. कोशात विध्वंसापुढे ‘नाश’ दिलेला असतो आणि नाशापुढे ‘विध्वंस’, त्यामुळे कोश उघडूनही माणूस फिरून तिथेच येतो. खरा प्रश्न असा, की नाश दाखवणारे डझनभर शब्द हाताशी असताना कोणता शब्द कशाला लागतो. याचे एकच उत्तर सगळीकडे चालत नाही. आठवणींचा लेख, वर्तमानपत्रातली बातमी आणि मामलेदार कार्यालयात द्यायचा नुकसानभरपाईचा अर्ज या तिन्ही ठिकाणी निवड वेगळी होते. तरी निवडीमागचा विचार सांगता येतो.

आधी धातू पाहू, कारण त्यांतली मूळ चित्रे आजच्या वापरातही टिकून आहेत. ‘ध्वंस्’ म्हणजे ढासळणे, तुकडे होऊन खाली येणे. ‘नश्’ म्हणजे नाहीसे होणे, दिसेनासे होणे. ‘संहार’ शब्दात ‘हृ’ धातू आहे आणि त्याला ‘सम्’ लागला आहे: सगळे एकत्र ओढून घेणे, आवरून टाकणे. ‘प्रलय’ शब्दातला ‘ली’ म्हणजे विरघळणे, मिसळून जाणे. ढासळणे, नाहीसे होणे, आवरले जाणे, विरघळणे या चार क्रिया वेगळ्या आहेत, म्हणून शब्दही एकाच्या जागी दुसरा असे बदलता येत नाहीत.

ढासळायला आधी काहीतरी उभे असावे लागते. म्हणून विध्वंस होतो तो उभारलेल्या, रचलेल्या, मांडलेल्या गोष्टीचा: घर, पूल, देऊळ, बांध, वस्ती. पुराणात दक्षयज्ञाचा विध्वंस झाला असे म्हणतात तेही याच न्यायाने, कारण यज्ञ मांडलेला असतो आणि तो उधळता येतो. याउलट ‘मासळीचा विध्वंस’ कानाला खटकतो, कारण मासळी कोणी रचून ठेवलेली नसते. तिथे एकदम घडले असेल तर ‘नाश’ आणि वर्षानुवर्षे घडत आले असेल तर ‘ऱ्हास’. जंगलाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण मराठी कान जंगलाला ‘विनाश’ किंवा ‘नाश’च जास्त लावतो.

आता तुमचा पाऊस. पावसाने स्वतः फारसे काही ढासळवलेले नसते. त्या जुलैत सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत घरे पडली ती म्हादई, वाळवंटी आणि त्यांच्या उपनद्यांचे पाणी वस्तीत शिरले म्हणून. मातीच्या भिंतीचा पाया तासन् तास पाण्यात राहिला की खालची माती मऊ होते आणि वरच्या छपराचे वजन तिला पेलत नाही, मग भिंत बसते. अनेकदा ती पाणी चढत असताना उभी असते आणि पाणी ओसरल्यावर पडते. चिऱ्याच्या घराचे तसे होत नाही. त्याच्या आतल्या सामानाचे वाटोळे होते, पण भिंती बहुधा तग धरतात. म्हणून पाऊस ‘अतिमुसळधार’ आणि पूर ‘विध्वंसक’ असे लिहा. ‘विध्वंसक पाऊस’ याला व्याकरणाची चूक म्हणता येणार नाही, पण कर्ता चुकीचा धरला जातो आणि काय पडले, कशामुळे पडले हे वाचकाला कळत नाही.

यातून एक भेद निघतो आणि बातमी लिहिणाऱ्यांनी तो पक्का लक्षात ठेवावा. काही शब्द जोर मोजतात, काही परिणाम सांगतात. हवामान खात्याचे शब्द मोजमापाचे असतात. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाला की अत्यंत जोरदार पाऊस. वर्तमानपत्रांत यालाच ‘मुसळधार’, ‘अतिमुसळधार’ वगैरे म्हणतात. वाऱ्याचा वेग ताशी ६२ ते ८८ किलोमीटर असेल तर चक्रीवादळ आणि ८९ ते ११७ असेल तर तीव्र चक्रीवादळ. यातल्या कुठल्याही पायरीचे नाव ‘विध्वंसक’ नाही. जे अजून घडायचे आहे त्याच्या इशाऱ्यात ‘विध्वंसक वादळ येणार’ असे लिहिले तर परिणाम आधीच गृहीत धरला जातो. वादळ बगल देऊन गेले की शब्द वाया गेलेला असतो आणि पुढच्या इशाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. इशाऱ्यात मोजमापाचा शब्द लिहा, परिणामाचा शब्द घडून गेल्यावर.

‘ढगफुटी’ हाही असाच मोजमापाचा शब्द आहे: लहानशा भागात तासाभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस. तो ‘खूप जोराचा पाऊस’ या अर्थाने सर्रास वापरला जातो. आकडा हाताशी नसेल तर तो टाळावा.

जोर आणि परिणाम एकमेकांच्या प्रमाणात असतीलच असे नाही, हे किल्लारीच्या भूकंपाने दाखवले. ३० सप्टेंबर १९९३च्या त्या भूकंपाची प्रत (इंग्रजीत ‘मॅग्निट्यूड’) सुमारे ६.२ होती. जगाच्या हिशेबात ती मध्यमच म्हणायची. तरी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मेली. केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, वेळ पहाटेची होती आणि दगड-मातीच्या जाड भिंतींवर मातीचे जड धाबे अशी घरांची बांधणी होती. तो धक्का विध्वंसक ठरला तो वर काय उभे होते त्यामुळे. मराठीत भूकंपाच्या प्रतीलाही आपण ‘तीव्रता’ म्हणतो आणि एखाद्या गावाला बसलेल्या हादऱ्यालाही ‘तीव्रता’च म्हणतो, म्हणून हा घोळ वाढतो. प्रत एका भूकंपाला एकच असते. हादरा मात्र गावागणिक वेगळा असतो, आणि ‘विध्वंसक’ हे विशेषण त्या हादऱ्याला लावायचे असते.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. मे २०२१चे तौक्ते वादळ ‘गोव्यावर धडकले’ असे अजूनही लिहिले जाते. ते गोव्याच्या किनाऱ्याला समांतर समुद्रातून उत्तरेकडे सरकले आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. आपल्याकडे त्याच्या कडेच्या वाऱ्याने झाडे उन्मळली, विजेचे खांब वाकले, अनेक गावांत वीज गेली. याला मराठीत नेमका शब्द आहे: पडझड. ‘तौक्तेने गोव्यात मोठी पडझड केली’ हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही. तिथे ‘विनाश’ लिहून ठेवला, तर ज्या गावात खरोखर काहीच उरले नाही त्या गावासाठी कोणता शब्द वापरणार?

‘विनाशकारी’चे क्षेत्र विध्वंसकापेक्षा मोठे आणि जरा धूसर आहे. विनाशाला उभी वस्तू लागत नाही. कुळाचा, प्रतिष्ठेचा, पर्यावरणाचा, खाजन शेतीचा, कशाचाही विनाश होऊ शकतो आणि तो हळूहळूही होऊ शकतो. खाजनाचेच, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचेच पाहा. भरतीच्या जोराने एका रात्रीत बांध फुटला तर तो बांधाचा विध्वंस, किंवा साधे मराठी हवे असेल तर बांध फुटला. पण मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवण्या-सोडण्याच्या झडपेची, दारे नादुरुस्त राहिली, खारे पाणी वर्षानुवर्षे आत येत राहिले आणि शेतात भात येईनासा झाला, तर तो त्या शेतीचा विनाश आहे. तिथे ‘विध्वंस’ लिहिल्यास कोणीतरी येऊन मोडतोड करून गेले असे वाटेल, आणि दुर्लक्ष हे जे खरे कारण ते झाकले जाईल. ‘विनाशकारी’ हे धोरणाला, सवयीला, निर्णयाला लागते. ‘विध्वंसक’ हे आघाताला लागते.

‘संहार’ जिवंतांचा होतो, आणि तोही अनेकांचा. एकाला मारले की ‘वध’. म्हणून दिवाळीच्या पहाटे आपण नरकासुराची प्रतिमा जाळतो त्या प्रसंगाला ‘नरकासुरवध’ म्हणतात, प्रतिमेच्या जळण्याला ‘दहन’, आणि त्याच्या सैन्याबद्दल बोलायचे तर ‘संहार’. इमारतीचा संहार होत नाही. शस्त्राला ‘संहारक’ म्हणतात, कारण ते माणसांवर चालते. बॉम्बला दोन्ही चालतात. रोख पडलेल्या इमारतींवर आहे की मेलेल्या माणसांवर, ते पाहून निवडा.

‘प्रलय’ पाण्याशी जोडला गेलेला शब्द आहे. सगळी हद्द पाण्यात विरघळली, रस्ता कुठला आणि शेत कुठले हे कळेना, असे दृश्य असेल तर तो शोभतो. पुराच्या लेखात तो एकदा येऊ द्या, दुसऱ्यांदा आला की वजन उतरते. रूपाबद्दल सांगायचे तर ‘भयंकर’, ‘शुभंकर’ यांच्या धर्तीवर ‘प्रलयंकर’ होते, किंवा सरळ ‘प्रलयकारी’. ‘प्रलयंकारी’ हे दोघांचे मिश्रण आहे. ते रूढ झाले आहे, त्यामुळे कोणी लिहिले तर खोडून भांडण करू नये, पण स्वतः लिहिताना पहिली दोन हाताशी आहेतच.

फारसीतून आलेल्या शब्दांत एक गमतीचा आहे. ‘बेचिराख’ मूळचा ‘बेचिराग’: जिथे दिवाच लागत नाही असे गाव, म्हणजे ओस पडलेले. जुन्या महसुली दप्तरांत निर्मनुष्य गावाला हाच शब्द असे. शेवटच्या ‘राख’मुळे आपल्याला तो आगीचा वाटू लागला आणि आज जळून गेलेल्या गोष्टीलाच तो बहुतेक वापरला जातो. हा बदल आता झाला आहे, त्याला मोडता घालण्यात अर्थ नाही. पण मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हाच्या प्रसंगाला ‘जंगल बेचिराख’ म्हणणे मला पटत नाही. दिवा लावणारी माणसे जिथे राहत होती अशा वस्तीलाच तो शब्द शोभतो. जंगल ‘होरपळले’, ‘जळून खाक झाले’ म्हणा. ‘जमीनदोस्त’ मात्र बांधकामालाच लागतो आणि विध्वंसाच्या सर्वांत जवळचा आहे. फरक एवढाच की त्यात राग नाही. पालिकेने नोटीस देऊन बेकायदा बांधकाम पाडले तर ते ‘जमीनदोस्त केले’, किंवा नुसते ‘पाडले’. त्याला ‘विध्वंस’ म्हटले की तुम्ही बाजू घेतली असे होते. बाजू घ्यायचीच असेल तर जरूर घ्या, पण नकळत नको.

कर्ता माणूस असला की हेतू मोजावा लागतो. जमावाने केली ती तोडफोड. लपून, ठरवून केला तो घातपात. राज्याविरुद्ध संघटितपणे चालते त्याला ‘विध्वंसक कारवाया’ हा प्रशासकीय शब्दप्रयोग आहे, तो जसाच्या तसा ठेवावा. जनावर कर्ता असेल तर यांतला एकही नको. गवेरेडे कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) शिरले, केळी आणि पोफळीची रोपे तुडवली, तर ती नासधूस. आणि धान्य भिजून किंवा सडून वाया गेले तर नासाडी. ‘नश्’ धातूचेच हे घरगुती नातेवाईक आहेत, दूध नासते तेही याच कुळातले. ‘विध्वंस’पेक्षा हे शब्द कमी दर्जाचे मुळीच नाहीत. उलट कुळागरवाल्याला ‘नासधूस’ म्हटल्यावर काय झाले ते लगेच समजते.

‘विध्वंसक’चा आणखी एक वापर आहे, तो विचारांचा. मराठीत ‘विधायक’ आणि ‘विध्वंसक’ ही जोडी ठरलेली आहे: विधायक टीका, विध्वंसक टीका, विधायक कार्य, विध्वंसक वृत्ती. इथेही रचना हीच कसोटी. जी टीका उभे असलेले पाडते आणि बदल्यात काही सुचवत नाही ती विध्वंसक. हिंदी बातम्या वाचणाऱ्यांनी जपावे, कारण तिकडे ‘विधायक’ म्हणजे आमदार. घाईत केलेल्या भाषांतरात ‘विधायक भूमिका’ ही कधी कधी आमदारांची भूमिका होऊन बसते.

जुन्या गोव्याच्या इतिहासावर लिहिताना हे शब्द सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पोर्तुगीजांनी १५४० साली तिसवाडीतली आणि १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली. इथे कर्ता स्पष्ट, हेतू स्पष्ट, वस्तू उभी होती ती पाडली गेली. ‘विध्वंस’ हा शब्द इथे पुरेपूर लागू आहे. पण पुष्कळ लेखांत ‘मंगेशाचा विध्वंस’, ‘शांतादुर्गेचा विध्वंस’ असे लिहिलेले आढळते. विध्वंस झाला तो कुशस्थळी आणि केळोशी इथल्या देवळांचा. देव भाविकांनी नदीपलीकडे नेले, म्हणजे देवांचे स्थलांतर झाले. देऊळ उद्ध्वस्त, देव स्थलांतरित, ही दोन क्रियापदे वेगळी ठेवली नाहीत तर मंगेशी आणि कवळे इथे आज जे आहे ते कुठून आले हेच वाचकाला कळणार नाही. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराबाबतही तसेच: दिवाडीचे देऊळ पाडले गेले, देव नार्व्याला आला आणि १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. ‘जीर्णोद्धार’ हा शब्दही इथे तपासून वापरावा. तो जीर्ण झालेल्याचा असतो. पाडलेले पुन्हा बांधले तर ‘पुनर्बांधणी’.

याच्या शेजारी जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मनोरा ठेवून पाहा. पर्यटकांसाठीच्या मजकुरात ‘विध्वंस झालेले चर्च’ असे लिहिलेले असते. कोणी तो पाडला नाही. धार्मिक संघांवर बंदी आल्यावर १८३५मध्ये तो मठ रिकामा झाला, देखभाल थांबली, १८४२मध्ये घुमटाकार छत कोसळले आणि १९३१मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. कर्ता नाही, आघात नाही. पडझड आहे आणि तिच्यामागे सोडून देणे आहे. ‘भग्नावशेष’ हा शब्द तिथे चपखल बसतो, कारण तो कोणावर ठपका ठेवत नाही.

आता युद्धनौका. तिसऱ्या सदस्यांची हरकत अगदीच निराधार नाही, फक्त भाषा वेगळी आहे. इंग्रजीतल्या ‘डिस्ट्रॉयर’ला हिंदीत ‘विध्वंसक’ म्हणतात, मराठीत ‘विनाशिका’. हिंदीत ‘पोत’ पुल्लिंगी, म्हणून ‘विध्वंसक पोत’. मराठीत नौका स्त्रीलिंगी, म्हणून ‘विनाशिका’. हिंदी पत्रकावरून मराठी बातमी करताना हा शब्द तसाच उतरतो आणि ‘विध्वंसक नौसेनेत दाखल’ असे विचित्र वाक्य तयार होते. मराठीत ‘विनाशिका नौदलात दाखल झाली’ असे हवे. आपल्या बंदराचे नाव असलेली मुरगाव ही विनाशिका आहे, स्वदेशी बनावटीची, १६३ मीटर लांब, सुमारे ७,४०० टनांची. ती १८ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली, आणि त्याआधी १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवामुक्तीच्या साठाव्या वर्षदिनी, पहिल्यांदा समुद्रात उतरून चाचणीला गेली होती. इंग्रजी नाव मुळात ‘टॉर्पेडो बोटींचा नाश करणारी नौका’ असे लांबलचक होते, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. पुढे ते आखूड झाले आणि ‘नाश करणारी’ एवढेच उरले. म्हणून हे नौकेच्या प्रकाराचे नाव आहे, तिच्या शक्तीचे वर्णन नाही.

दर डिसेंबरात मुक्तिलढ्यावर येणाऱ्या लेखांत इथेच आणखी एक घसरण होते. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदरात ‘अफोंसो द अल्बुकेर्क’ या पोर्तुगीज नौकेवर मारा केला तो ‘बेटवा’ आणि ‘बियास’ या भारतीय नौकांनी. त्या फ्रिगेट या वेगळ्या प्रकारच्या युद्धनौका होत्या, विनाशिका नव्हत्या. फ्रिगेटला मराठीत फ्रिगेटच म्हणतात. खात्री नसेल तेव्हा नुसते ‘युद्धनौका’ लिहिले तरी चालते.

अर्जाचे राहिले. घर पडल्यावर तलाठ्याकडे किंवा मामलेदारांकडे जो अर्ज द्यायचा, त्यात वर दिलेला एकही शब्द नको. ‘पुराने आमच्या घराचा विध्वंस झाला’ या वाक्यावरून पंचनामा करणाऱ्याला काही लिहून घेता येत नाही. तिथे ‘उत्तरेकडची मातीची भिंत पूर्ण कोसळली, छपराची कौले अंशतः फुटली, तीन खोल्यांत कंबरभर पाणी होते’ असे लिहायचे. भरपाई ठरताना घर ‘पूर्ण’ पडले की ‘अंशतः’ हे पाहिले जाते, म्हणून ते दोन शब्द जागच्या जागी असायला हवेत. लेखात लोकांचे बोलणे उद्धृत करणार असाल तर मात्र उलटे करा: म्हातारी ‘हुंवार आयलो, सगळें लुकसाण जालें’ म्हणाली असेल तर ते कोंकणी तसेच ठेवा, त्याचे ‘महापुराने प्रचंड विध्वंस झाला’ करू नका.

शेवटी लेखनाचे. ‘विध्वंस’मध्ये ‘वि’ ऱ्हस्व, ‘ध्व’ जोडाक्षर आणि त्यावर अनुस्वार. ‘विध्वंसक’ आणि ‘विध्वंसकारी’ दोन्ही बरोबर. ‘विध्वंसककारी’ चूक, कारण ‘-क’मध्येच ‘करणारा’ आलेला आहे. विशेषण म्हणून ते बदलत नाही: विध्वंसक पुराने, विध्वंसक लाटेमुळे. ‘उद्ध्वस्त’ हा शब्द मात्र दहातले नऊ जण ‘उध्वस्त’ लिहितात. ‘उद्’ आणि ‘ध्वस्त’ मिळून तो होतो, म्हणून द, ध आणि व अशी तिन्ही व्यंजने त्यात हवीत. मोबाइलवर टंकताना द, हलन्त, ध, हलन्त, व असा क्रम ठेवा. काही टंकांत हे जोडाक्षर फुटून दिसते; तसे झाले तर टंक बदला, अक्षर गाळू नका.